सांगोल्याच्या मुरमाड रानात चिंच: किती लावावी आणि कशासाठी

प्रश्न सांगोला तालुक्यातून आलाय. तेल्या रोग आणि खोड पोखरणारी पिन होल बोरर कीड, यांनी तीन एकर डाळिंब गेलं, बाग उपटून टाकली. रान मुरमाड, बोअरला उन्हाळ्यात जेमतेम घरापुरतं पाणी. घरातली वडीलधारी म्हणतात, चिंच लाव, एकदा लावली की तीन पिढ्या बघायला नको. हे खरंच परवडेल का, जात कोणती घ्यावी, पैसे किती वर्षांनी दिसतील आणि चिंचेशिवाय त्या झाडाचा दुसरा काय उपयोग, असं विचारलंय.

लावा. पण तीन एकर एकदम लावू नका, आणि ‘बघायला नको’ हे डोक्यातून काढून टाका. चिंच सहजासहजी मरत नाही, एवढंच त्यात खरं. नुसती जगलेली झाडं आपल्या सोलापूर जिल्ह्यात ढिगानं आहेत. दरवर्षी फळं घेणाऱ्या बागवानाला ठोक रकमेत, उक्ती देऊन मालक मोकळा होतो, आणि त्या झाडातला निम्म्याहून जास्त पैसा दुसऱ्याच्या अंगणात फोडला जातो. तुमच्या घरात हंगामात फोडणीला, म्हणजे शेंगा फोडून गर आणि चिंचोका वेगळा करायला, माणसं बसणार असतील तर चिंच परवडते. नसतील तर बांधावर दहा-पंधरा झाडं लावून थांबा.

आधी हवामानाचं बघू. चिंच मूळची आफ्रिकेच्या उष्ण, कोरड्या भागातली. आपल्याकडे ती इतक्या जुन्या काळापासून आहे की परकी वाटतच नाही. पाऊस भरपूर पडतो तिथं झाड हिरवंगार वाढतं, पण फळ बेताचंच लागतं, कारण फळधारणेला आणि पक्व व्हायला तिला कोरडा काळ लागतो. आपल्याकडे सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. चिंचेला फुलोरा येतो तो वळवानंतर, जून-जुलैच्या सुमारास. परतीचा पाऊस येतो तेव्हा शेंगा पोसायच्या असतात. पुढं थंडीत आणि उन्हाळ्याच्या तोंडाला हवा कोरडी, त्यात चिंच पिकते. ज्वारीवाल्याला जो पाऊस हवा असतो, तोच चिंचेलाही मानवतो. म्हणून दुष्काळी पट्ट्यात हे झाड शोभेला नाही, पोटाला उभं असतं.

मुरूम चालेल. मुळं खोल जातात, वाऱ्या-वादळात झाड सहसा पडत नाही. पण दीड-दोन फुटांवर पक्का खडक लागत असेल तर तो तुकडा सोडा. पाणी साचणारी चोपण जमीनही नको, उजनीच्या कालव्याखालची पाणथळ झालेली तर अजिबात नको. डाळिंब उपटलेल्या रानाची भीती बाळगू नका, तेल्याचा जंतू चिंचेवर येत नाही. पिन होल बोरर मात्र पुष्कळ प्रकारच्या झाडांत शिरतो. उपटलेली खोडं बांधाला रचून ठेवली असतील तर नवं रोप आणायच्या आधी ती जाळून टाका. सरपणाला होतील म्हणून ठेवलेला तो ढीगच किडीचं घर असतो.

एक गैरसमज इथंच काढतो. चिंचेला शेंगा येतात, म्हणून ती हरभरा-तुरीसारखी जमिनीला नत्र देते असं बरेच जण सांगतात. चिंचेच्या मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत. तेव्हा शेणखत तुम्हालाच घालावं लागणार. शिवाय झाड डेरेदार झालं की त्याच्या दाट सावलीत आणि पडलेल्या पाल्यात दुसरं पीक नीट येत नाही. आंतरपीक घ्यायचं ते पहिल्या पाच-सहा वर्षांतच. तूर, मटकी, हुलगा, उडीद घ्या, पण झाडाच्या आळ्यापासून चार हात लांब.

आता जात. बीपासून केलेलं रोप स्वस्त मिळतं, पण नाही म्हणा. गावातल्या गोड, जाड गराच्या झाडाचा चिंचोका लावला म्हणून तशीच चिंच येईल याची खात्री नाही, आणि फळ दिसायला आठ-दहा वर्षं लागतात. कलमी झाड चौथ्या-पाचव्या वर्षी फळ दाखवतं. बारा-पंधरा वर्षांनी भर येतो. जातींमध्ये संभाजीनगरच्या हिमायतबागेतल्या फळ संशोधन केंद्राच्या ‘प्रतिष्ठान’ आणि ‘नंबर २६३’ या आपल्या हवेला जवळच्या. तमिळनाडूतल्या पेरियाकुलमची ‘पीकेएम १’ सगळीकडे नाव कमावून आहे आणि आपल्या नर्सऱ्यांत सहज मिळते. गोध्र्याची ‘गोमा प्रतीक’ही कोरडवाहूसाठीच काढलेली आहे. मी तुमच्या जागी असतो तर निम्म्याहून जास्त झाडं ‘प्रतिष्ठान’ची आणि बाकीची दुसऱ्या एखाद्या जातीची लावली असती. चिंचेचं परागीभवन मधमाश्या करतात आणि दुसऱ्या झाडाचा पराग मिळाला तर फळ चांगलं धरतं. एकाच कलमाची चाळीस झाडं ओळीनं उभी करण्यात शहाणपण नाही.

कलम विकत घेताना फसवणूक फार होते, कारण खुंटाचा, म्हणजे खालच्या मुळाच्या रोपाचा पाला आणि त्यावर जोडलेल्या डोळकाडीचा पाला हुबेहूब सारखा. आंब्याचं कलम अनुभवी माणूस लांबून ओळखतो, चिंचेचं नाही. म्हणून पिशवी हातात घ्या आणि खोड बोटानं चाचपा. मातीपासून वीतभर उंचीवर जोडाचा फुगवटा लागला पाहिजे, तिथं पाचरीची तिरपी खूण दिसली पाहिजे. प्लॅस्टिकची पट्टी अजून आवळलेली असेल तर ब्लेडनं उभी कापून काढा, नाहीतर जोड तिथंच गळ्यात फास पडल्यासारखा बारीक राहतो. जोडाच्या खालून फूट निघालेली असेल आणि तीच वरच्यापेक्षा जोमदार दिसत असेल तर ते कलम मागं ठेवा. तो खुंट पुढं कलमाला खाऊन टाकतो. लावल्यावरही पहिली दोन वर्षं दर महिन्याला खालची फूट बोटानं मोडायची. बिल पक्कं घ्या, मान्यताप्राप्त रोपवाटिकेचंच घ्या. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत चिंचेची कलमं बसतात, रोजगार हमीतूनही फळबाग होते, पण बिलाशिवाय दोन्हीकडं गाडी अडते. अर्ज सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर करायचा असतो. सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) पाऊस पडायच्या आधी गाठा, जुलैत नाही.

अंतर ३३ फूट बाय ३३ फूट ठेवा, म्हणजे दहा मीटर. एकरी चाळीस झाडं बसतात. आज ते रान रिकामं वाटेल आणि शेजारी हसतील, हसू द्या. जवळ लावलेल्या चिंचा पंधरा वर्षांनी एकमेकींत घुसतात आणि फळ फक्त शेंड्याला राहतं, जिथं माणूस चढत नाही. मधली रिकामी जागा सीताफळाला द्या. सीताफळ तिसऱ्या-चौथ्या वर्षी पैसे देतं, मुरमात येतं, शेळी त्याला तोंड लावत नाही. चिंच भरात येईपर्यंत ते तुमचा घरखर्च ओढेल, मग काढून टाका. माझा सल्ला सरळ आहे: सव्वा-दीड एकरावर चिंच आणि मध्ये सीताफळ, उरलेल्या रानात ज्वारी-तूर चालू ठेवा. बोअरला पाणी नसताना तिन्ही एकरांवर पाच वर्षं उत्पन्न बंद ठेवणं कुठल्याही घराला झेपत नाही.

बांधावर लावणार असाल तर सामाईक बांध टाळा. चिंचेची सावली शेजाऱ्याच्या ज्वारीवर पंधरा-वीस फूट आत जाते आणि तेवढं कणीस त्याचं बारीक राहतं. चिंचेच्या फांदीवरून भावकीत जेवढ्या कुरबुरी झाल्यात तेवढ्या पाण्याच्या पाळीवरूनही झाल्या नसतील. आपल्या हद्दीत चांगलं आत सरकून लावा.

खड्डे एप्रिल-मे महिन्यात काढा, तीन फूट लांब, रुंद, खोल. मुरूम कडक लागला तर पहार मारून तळ फोडा, नुसता वरून रुंद खड्डा काढून भागत नाही. उन्हानं तापू द्या. मग तळ्यातला गाळ किंवा पोयटा, दोन-तीन पाट्या कुजलेलं शेणखत आणि किलोभर सिंगल सुपर फॉस्फेट मिसळून भरा. लागवड जुलै-ऑगस्टमध्ये चांगली ओल झाल्यावर. जोड मातीच्या वर राहील इतकंच खोल लावायचं. काठी रोवून सैल बांधा. पहिले दोन उन्हाळे मात्र पाणी द्यावंच लागतं, त्यातून सुटका नाही. आठवड्याला एक-दोन घागरी पुरतात. माठाला खाली भोक पाडून वात लावलेली पद्धत तुमच्या भागात लोकांना माहीत आहेच. आळ्यात उसाचं पाचट वीतभर जाड घाला. पंढरपूर-माळशिरसच्या बाजूला ते अजूनही पेटवून देतात, मागितलं तर फुकट मिळतं. तिसऱ्या वर्षापासून झाड आपलं आपण बघतं.

शेंड्याला वळण द्यायचं काम बरेच जण विसरतात. कमरेएवढ्या उंचीपर्यंत खोड सरळ, पुढं चारी दिशांना तीन-चार फांद्या राखा आणि शेंडा खुडा. झाड पसरट झालं तर पुढं उतरणी सोपी जाते. मजुरी फळापेक्षा महाग झालेल्या दिवसांत हा मुद्दा साधा नाही.

आता खरं काम, उतरणी आणि फोडणी. कच्ची चिंच आंबट, गाभुळलेली पोरांची, आणि बाजाराची ती पूर्ण पिकलेली. पिकल्याची खूण रंगात शोधू नका. टरफल आधीपासून तपकिरीच असतं. शेंग हातात घेऊन अंगठ्यानं दाबा. आतला गर आक्रसून टरफलापासून सुटलेला असेल तर टरफल कडकन तडकतं, आत पोकळी जाणवते. शेंग दबली, पण तडकली नाही, तर अजून पंधरा दिवस थांबा. काठीनं झोडपून चिंच पाडायची रीत सगळीकडं आहे आणि ती मला पटत नाही. झोडपताना कोवळे शेंडे मोडतात आणि पुढच्या वर्षीचा फुलोरा त्यांच्यावरच यायचा असतो. आधीच चिंचेला एक वर्ष भर, एक वर्ष ओढ अशी सवय असते, त्यात आपण हातभार लावतो. फांदीवर चढून किंवा आकडीनं फांदी हलवा, खाली ताडपत्री किंवा जुन्या चादरी अंथरा. मातीत पडलेल्या चिंचेत खडे येतात आणि व्यापारी तेवढ्यावर भाव पाडतो.

शंभर किलो अखंड चिंच फोडली तर साधारण ४० ते ५० किलो गर निघतो, ३० ते ३५ किलो चिंचोका आणि बाकी टरफल आणि शिरा. हे प्रमाण जातीवर आणि पावसावर बदलतं, पण हिशेबाला धरायला हरकत नाही. पूर्ण वाढलेलं झाड चांगल्या जमिनीत दीडशे-दोनशे किलो शेंगा देतं. तुमच्या मुरमात त्यापेक्षा कमी धरा. रोपवाटिकेच्या पत्रकावरचे आकडे बागायती, पोसलेल्या झाडांचे असतात.

बार्शीच्या बाजारात हंगामात एकदा जाऊन या. अखंड चिंच, फोडलेली चिंच आणि चिंचोका असे तीन वेगळे माल, तिघांचे भाव वेगळे. फोडलेल्या चिंचेतही रंग बघतात. लालसर, लांब, शिरा काढलेली पहिली, काळपट पडलेली शेवटची. फोडणीचं काम बायकांच्या हाताचं. शेंग दगडावर आडवी धरायची, छोट्या हातोडीनं हलकंच ठोकायचं, टरफल झटकायचं, देठाकडून धरून शिरा एका ओढीत काढायच्या, मग चिरून चिंचोका काढायचा. जोरात घाव बसला तर चिंचोका फुटतो आणि त्याचा कण गरात जातो. खाणाऱ्याच्या दाताखाली येतो तो हाच. मजुरी किलोवर ठरते. तुमच्या घरात आणि वस्तीवर चार-पाच बायका जमत असतील तर वाटून घ्या, बचत गट असेल तर आणखी बरं. सगळ्यांत जास्त वाढीव पैसा याच टप्प्यावर आहे.

साठवण लवकर आटपतो. गर उन्हात दोन दिवस वाळवा, थोडं मीठ लावून दाबून गोळे करा, हवा लागू देऊ नका. उघड्यावर ठेवलेली चिंच पावसाळ्यात ओल धरते आणि वर्षभरात काळी होते. शीतगृहात रंग टिकतो. व्यापारी तेच करतो आणि दिवाळीनंतर विकतो. अखंड शेंगा पोत्यात फार दिवस ठेवू नका. शेंगेतला भुंगेरा चिंचोका पोखरतो आणि टरफलाला गोल भोक पाडून बाहेर पडतो. तशी दहा भोकं दिसली तर पूर्ण पोतं फोडून बघा.

चिंचोक्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुम्ही नेमका तोच विचारलेला नाही. बाजारात तो उरलासुरला माल म्हणून जातो, पण त्याच्या आतल्या पांढऱ्या दाळीत निम्म्याहून जास्त भाग एका चिकट पिष्टमय द्रव्याचा असतो. पाण्यात शिजवलं की त्याची घट्ट खळ होते. माणदेशात घोंगड्या विणणाऱ्या सनगरांच्या दारात घोंगडीचा ताणा, म्हणजे उभे धागे, पसरलेला तुम्ही लहानपणी बघितला असेल. चिंचोके भाजायचे, साल उडवायची, भिजत घालून वाटायचे आणि शिजवून खळ करायची. मग ताण्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुंच्यानं ती खळ ओढत न्यायची. लोकरीचा केस केसाला चिकटतो, सूत ताठ होतं आणि मागाच्या हत्यात घासून तुटत नाही. भाजणं का, तर तपकिरी सालीत टॅनिन असतं. ती नीट निघाली नाही तर खळ लालसर होते आणि पांढऱ्या लोकरीवर डाग धरते.

हेच काम पुढं गिरण्यांनी मोठ्या प्रमाणावर केलं. १९४० च्या दशकात देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत चिंचोक्याच्या पिठावर काम झालं आणि तागाच्या, सुताच्या खळीसाठी ते मक्याच्या स्टार्चला पर्याय म्हणून वापरात आलं. सोलापूर हे मागाचं गाव. सायझिंग म्हणजे सुताला खळ देणं, हे इथं कोणाला सांगावं लागत नाही. आता सुताच्या खळीत दुसरी रसायनं आली, पण चिंचोका पावडर कापडाच्या छपाईत रंग घट्ट करायला, कागदाला आणि शुद्ध करून खाद्यपदार्थ दाट करायला जाते, परदेशातही जाते. म्हणून चिंचोका मातीमोल देऊ नका. वाळवून, निवडून, भोकाचा वेगळा काढून साठवा आणि दोन-तीन ठिकाणी भाव विचारा.

पाल्याचंही सांगतो. सोलापूरच्या पूर्व भागात पद्मशाली घरांत चैत्रात कोवळी पालवी तुरीच्या डाळीत घालून आंबट वरण करतात, त्यात वेगळी चिंच घालत नाहीत. मंडईत ती पालवी थोडे दिवसच दिसते आणि लगेच संपते. ज्यांचं रान शहराजवळ आहे त्यांनी याचा विचार करावा, तुम्हाला सांगोल्याहून ते परवडणार नाही. फुलोऱ्यात मधपेट्या ठेवायला मात्र हरकत नाही, फळधारणेलाही फायदा. घरात तांब्या-पितळेला चिंच लावतो ती तिच्यातल्या टार्टारिक आम्लामुळं. याच कारणानं चिंचेची आमटी कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ठेवायची नाही. औषधी गुणांबद्दल मी लिहीत नाही, तो वैद्यांचा विषय.

लाकडाच्या आशेवर चिंच लावू नका, झाड फार सावकाश वाढतं. पण जुन्या झाडाच्या गाभ्याचं लाकूड काळपट जांभळं, वजनदार आणि इतकं कठीण असतं की सुतार नाक मुरडतो. उखळ, मुसळ, गाडीच्या चाकाचा तुंबा (मधला गाभा) आणि खाटकाचा ठोकळा यांना ते लागतं. ठोकळ्याला चिंचच का, तर सत्तूरचा घाव बसला तरी त्याचे धागे सहज सुटत नाहीत. अलीकडं करडईचं तेल लाकडी घाण्यावर काढून विकणारे आपल्या भागात पुन्हा उभे राहिलेत. घाण्याला कठीण लाकूड हवं, त्यामुळं वठलेल्या चिंचेच्या ओंडक्याला गिऱ्हाईक मिळतं. कोळसाही चांगला पडतो. मात्र झाड तुमच्या रानात असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत आंबा, जांभूळ, फणसाबरोबर चिंचही आहे. लाकूड व्यापारी ‘कागदाचं मी बघतो’ म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा, प्रकरण सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याच्याही अंगाशी येऊ शकतं.

किडी-रोगांची धास्ती घेऊ नका. रोपांवर पावसाळ्यानंतर भुरी येते, पाण्यात मिसळणारं गंधक एक-दोनदा फवारलं की आटोक्यात येते. कोवळ्या फुटीवर पिठ्या ढेकूण दिसला तर ती फूट कापून जाळा. डाळिंबाला आठवड्याआड फवारणारा माणूस चिंचेच्या बाबतीत हात राखून राहत नाही, सवयीनं पंप उचलतो. फुलोऱ्यात कीटकनाशक मारलं तर माश्या जातात आणि फळ धरत नाही.

रोपांचा खरा शत्रू तुमच्या वाड्यातच बांधलेला असणार. मेंढ्या-शेळ्यांना चिंचेचा कोवळा पाला फार आवडतो. एका दुपारी कळप शिरला तर दोन वर्षांची वाढ गेली म्हणून समजा, आणि खाल्लेल्या कलमाला बहुतेक वेळा खालूनच फूट येते, म्हणजे खुंटाची. प्रत्येक रोपाला बाभळीच्या फासाट्यांचं गोल कुंपण छातीएवढं उंच करा, दर वर्षी दसऱ्यानंतर नवी काटी घाला. खड्डे काढायच्या मजुरीत या काट्यांची मजुरीही धरून ठेवा.